पाडळीचे पाहुणे, चेन्नईत

चेन्नईहून आलेल्या माणसाला लोक आधी समुद्राबद्दल विचारतात. मी तिथे दीड-दोन महिने राहिले आणि समुद्राकडे फिरकले नाही. ज्या कामासाठी गेले होते ते अण्णा नगरच्या चार रस्त्यांत मावणारं होतं, आणि त्या दिवसांत लाटा पाहायला जावं असं घरात कुणालाच वाटलं नाही. तरी जाऊन आले आहे, आणि न गेलेल्यांना काही सांगायचं तर जे पाहिलं तेच सांगता येईल.

माझी मुलगी मृणाल आणि जावई रणजित काही वर्षांपासून तिथे आहेत. रणजित श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्यांचा मुलगा ओजस गेल्या वर्षी गेला. दोन वर्षांचाही नव्हता. त्याचं कपाळ मोठं होतं, हातापायांना सहा-सहा बोटं होती, आणि मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना जोडणारा जो पूल असतो तो तयारच झाला नव्हता. मान धरायला त्याला वर्ष लागलं. झटके यायचे. शेवटी साधा खोकला छातीत उतरला आणि त्याचा न्यूमोनिया झाला. मी कराडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर या मुलापायी जेवढं वाचलं तेवढं नोकरीच्या साऱ्या वर्षांत वाचलं नसेन. त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही.

आता मृणालला पुन्हा दिवस गेले होते. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, ये. आत्या पण येताहेत."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, शालनताई. आमच्याकडे सून सासूला आत्या म्हणते, त्यात काही विशेष नाही. त्या खटाव तालुक्यातल्या एका गावात राहतात, शेती बघतात. बोलणं सडेतोड. ओजसच्या बारशाला त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "कपाळ इहीनबाईंवर गेलंय पोराचं. पुस्तकं वाचून वाचून." तेव्हा सगळे हसले होते, मीही हसले होते. पुढे कपाळाचा अर्थ कळल्यावर ते वाक्य घरात कुणी पुन्हा उच्चारलं नाही. मात्र "आमच्यात असं कधी न्हवतं" हे दुसरं वाक्य त्या अधूनमधून बोलत, आणि बोलताना माझ्याकडे बघत नसत.

अण्णा नगर

पोचले तेव्हा तिथला मार्गळी महिना, म्हणजे आपला मार्गशीर्ष, चालू होता. भल्या सकाळी देवळातून भजनांचा आवाज यायचा आणि प्रत्येक फाटकासमोर तांदळाच्या पिठाची मोठमोठी रांगोळी असायची. तिला कोलम म्हणतात. मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल. दहा वाजेपर्यंत त्यावरून स्कूटर जातात, मुंग्या पीठ नेतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी.

शालनताई पहिल्या सकाळी गॅलरीतून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुंग्यांचं बरं हाय हितल्या."

घरात बोलणं कमी होतं. रणजितची पाळी बदलायची. कंपनीची बस त्याला मोठ्या रस्त्यावर सोडायची आणि तो चालत वर यायचा, बूट काढून आधी मृणालच्या खोलीत डोकावायचा. आम्ही दोघींनी स्वयंपाकघर वाटून घेतलं होतं. ज्वारीचं पीठ इथे 'चोळम' म्हणून मिळतं हे शालनताईंनी भाजीवालीकडे हातवारे करून शोधलं. भाकरी थापली तर तुटायची. "हितलं पाणीच आयतखाऊ हाय," असं म्हणून त्या तुटक्या भाकऱ्या दह्यात कुस्करून स्वतः खायच्या आणि धड भाकरी मृणालला वाढायच्या. मृणाल खायची, पण पोटाला हात लावत नव्हती. ओजसच्या वेळी तिचा हात सारखा पोटावर असायचा. या खेपेला ती दोन्ही हात टेबलावर ठेवून बसायची, जणू पोटात अजून कुणी नाहीच.

ती का लावत नाही ते आम्हाला ठाऊक होतं. हे बाळही ओजससारखं आहे का, हे कळेपर्यंत तिला त्याच्याशी ओळख करून घ्यायची नव्हती.

दवाखान्यात

दवाखाना घरापासून चालत जाण्याएवढा. घराण्यात उतरणारे आजार समजावून सांगणं एवढंच काम करणारी एक बाई तिथे आहे, मीनाक्षी तिचं नाव. चाळिशीची, केसात मोगरा, समोर लॅपटॉप. मृणाल-रणजितशी ती इंग्रजीत बोलत होती. शालनताईंनी मला हळूच विचारलं, "काय म्हणती ही?" तर ती वळून म्हणाली, "मी मराठींतच सांगतें, अम्मा. आमचें घर तंजावूरचें."

शालनताई तिच्याकडे बघतच राहिल्या. मला मात्र जुन्या बखरींचं एखादं पान अचानक बोलायला लागावं तसं झालं. सूर तमिळ, मधूनमधून शब्दही तमिळ, पण क्रियापदं आपल्याकडे कुणी वापरत नाही अशी. ती मराठी तिच्या घरात दोन-तीनशे वर्षं बाहेरच्या वाऱ्याशिवाय राहिली होती.

तिने जे सांगितलं ते मी इतकी पुस्तकं चाळूनही इतक्या सोपेपणाने वाचलं नव्हतं. "हातास बोटें किती, मेंदूचा मध्य कोठे, हें गर्भांत एकच निरोप सांगतो," ती म्हणाली. "पहिल्या कांहीं आठवड्यांत. इथे थांब, इथे जोड, असा. तो निरोप पोंचवणारें एक जनुक आहे. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती. एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम चालवते, कळतही नाही. दोन्ही बिघडल्या तर निरोप पोंचत नाही."

ओजसच्या रक्ताची तपासणी तो असतानाच झाली होती. त्याच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला होता, अगदी तोच. मृणालमध्ये तो एका प्रतीत आणि रणजितमध्येही एका प्रतीत होता.

"मग बाळाची तपासणी करा की," शालनताई म्हणाल्या.

"तीच अडचण आहे, अम्मा. हा बदल आजवर कोणी पाहून लिहून ठेवला नाही. त्यानेंच आजार केला, का तो नुसता शेजारी उभा होता, हें आम्हांस ठाऊक नाही. बाळांत तो सांपडला तर काय समजायचें? न सांपडला तर निर्धास्त व्हायचें का? मी आज सांगूं शकत नाही."

मृणाल टेबलाच्या कडेकडे बघत होती. पोटात सुई घालून गर्भाच्या वारेचा तुकडा काढायचे दिवस ठरलेले असतात, फार थांबता येत नाही, हेही मीनाक्षीने सांगितलं.

फाइलमध्ये बघत तिने विचारलं, "नवराबायको आधीचे नात्यांतले नाहीत, असें लिहिलें आहे."

"नाही," आम्ही चौघंही एकदम म्हणालो.

मृणालने बाटली पुढे केली. "आत्या, पाणी घ्या."

मीनाक्षीचा हात थांबला. "यांस आत्या म्हणतेस?"

"सासूबाई आहेत ना," मृणाल म्हणाली.

"आम्हीही सासूस अत्तै म्हणतों. आमच्यांत ती बहुतेक खरीच आत्या असते, म्हणून. तुमच्यांत का म्हणतात?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शालनताईंना तो विचार करावा इतकाही मोठा वाटला नाही. "रीतच हाय. भावाची लेक भैनीच्या घरी द्यायची. माझी सासू म्हंजे माझ्या सासऱ्याची मामेभैन. पाडळीच्या जगतापांची."

"माझी आईपण पाडळीच्या जगतापांची," मी म्हणाले.

"ते ठाव हाय की. म्हणून तर हे स्थळ आलं. पाहुण्यातलंच घर."

मीनाक्षीने पेन खाली ठेवलं. "मग नातें नाही असें कसें म्हणतां?"

शालनताई लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागल्या. "बाई, भावकी येगळी, पाहुणं येगळं. भावकीत लगीन हुईत न्हाई, ती रक्ताची. देवक बघितलं, कुळी बघितली, कशाचाच मेळ न्हाई. आता पाहुण्यात लेकी द्यायच्या न्हाईत तर कुठं द्यायच्या?"

मी शिकलेली, पण माझ्याही डोक्यात हाच हिशेब होता. रक्त म्हटलं की बापाचं आडनाव. लग्न ठरताना मी स्वतः देवक विचारलं होतं. पाडळीचं नाव निघालं तेव्हा उलट बरं वाटलं होतं, अगदी परकं घर नाही म्हणून. डॉक्टरांनी 'नातं' विचारलं की आम्ही भावकी आठवायचो. आयांच्या बाजूने आलेलं रक्त आमच्या मोजणीतच नव्हतं.

मीनाक्षीने कागदावर गोल आणि चौकोन काढले. एका टोकाला पाडळीचं जगतापांचं घर, त्यातून निघालेल्या रेषा, आणि खाली दोन्हीकडून येऊन मिळणारा ओजस. "या घरांतून आलेलें आणखी कोणी," तिने विचारलं, "सहा बोटांचें? किंवा न बोलणारें, मंद? असें माणूस सांपडलें आणि त्याच्यांतही दोन्ही प्रती अशाच निघाल्या, तर मी खात्रीनें सांगूं शकेन."

"न्हाई," शालनताई म्हणाल्या.

रणजित म्हणाला, "माझे बापूकाका आहेत. पण त्यांना लहानपणी ताप आला होता, त्याने झालं. जन्मतः नाही. बोटंही पाचच आहेत."

"पाचच," शालनताई म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

आवडी

मधले दिवस घरात बसून काढू नका, असं मीनाक्षीनेच सुचवलं. तिची आई आवडी नावाच्या उपनगरात राहते, मराठी बोलायला माणूस मिळत नाही म्हणून कुढते. मृणालला दगदग नको होती, म्हणून आम्ही दोघी विहिणीच निघालो. विल्लिवाक्कमला उपनगरी गाडी पकडली. दुपारची वेळ, बायकांच्या डब्यात निवांत जागा. खिडकीतून पाटी दिसेना आणि शालनताईंना अंबत्तूरच आवडीसारखं वाटलं, म्हणून आम्ही तिथेच उतरलो. पुढच्या गाडीत एका कॉलेजच्या मुलीने आमची जबाबदारी घेतली आणि आवडी आल्यावर आम्हाला दंडाला धरून उतरवलं.

केंद्र सरकारच्या वसाहतीलगत मीनाक्षीच्या आईचं, तुळसाबाईंचं घर आहे. यजमान तिथल्या संरक्षण कारखान्यात होते. पंचाहत्तरीच्या तुळसाबाई दारातच उभ्या होत्या.

"या, या. कोठून आलांत? सातारा? आमच्या आज्यांनीं ऐकलेलें नांव. बसा. कापी घ्या."

कॉफी पितळी वाटीत आणि पेल्यात आली. एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतायची. शालनताईंनी पहिल्याच प्रयत्नात मांडीवर सांडली. तुळसाबाईंनी ओलं फडकं दिलं आणि म्हणाल्या, "परवाइल्लै, राहूं दे. पदरास आमची आठवण."

जेवायला सांबार, भात, आणि दह्यात कालवलेलं उडदाच्या पिठाचं डांगर. शालनताईंनी पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघितलं. "हे आमचं डांगर हाय."

"आमचें डांगर-पच्चडी," तुळसाबाई म्हणाल्या. "तुमचें कसें होईल?"

मग दोघींचं जुळलं. मी विचारलं, "तुमचे यजमान लग्नाआधी नात्यातले होते का?"

"नाही," तुळसाबाई ठामपणे म्हणाल्या. थोड्या वेळाने आठवल्यासारख्या म्हणाल्या, "मामाच होता. आईचा धाकटा भाऊ. परका घरांत कशास आणायचा?"

शालनताई हसल्या. चेन्नईत आल्यापासून पहिल्यांदा. "मामाशी लगीन? आमच्यात मामा म्हंजे बापाच्या जागी. लगनात पाठीशी उभा ऱ्हातो."

"आमच्यांत पुढें उभा राहतो," तुळसाबाई म्हणाल्या.

मीनाक्षीने आईला आमच्याबद्दल काही सांगितलं नसावं. पण दोन बायका जेवायला बसल्या की बाळंतपणं निघतातच. तुळसाबाई त्यांच्या वेळच्या सुइणीचं सांगत होत्या. एका भाच्याला करंगळीशेजारी इवलंसं जास्तीचं बोट होतं, त्याला सुइणीने रेशमी दोरा करकचून बांधला, आठवड्यात वाळून गळून पडलं.

"आमच्यात घोड्याचा केस," शालनताई डांगर वाढून घेत म्हणाल्या. "चामखीळ बांधत्यात तसाच. बापूची तशीच पाडली. हाताची बी, पायाची बी. सासू सांगायची, मेथीच्या दाण्यावानी..."

त्या थांबल्या. चमचा भांड्यात राहिला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. तुळसाबाईंना काय झालं ते कळलं नाही, त्यांनी ताक आणायला आत हाक मारली.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. बराच वेळ बाहेर गोदामं आणि ताडाची झाडं जात होती.

"सांगायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"शालनताई, सुईचा दिवस जवळ आलाय."

"ठाव हाय मला. तुम्हीच तेवढ्या शाळा शिकलाय असं न्हाई." पदर डोक्यावरून नीट घेतला. "मी लगीन होऊन आले तवा बापू सहा वर्सांचा. धड उभं ऱ्हाता येत न्हवतं. सासूनं माझ्या मांडीवर दिला, म्हणाली, हा तुझा पहिला. तवापास्नं मीच भरवते. आता रान बघायला निघाले की दारात बसून वाट बघतो. आल्याबिगर जेवत न्हाई. आता बी कोण भरवत असंल, देवाला ठाव."



"त्याचं रगात घ्यायचं," त्या म्हणाल्या, "आन् त्यावरनं ठरवायचं की त्याच्यासारखं पोर नको. असंच न्हवं? त्याच्याच रगतानं?"

गाडी कोरट्टूरला थांबली. ओजसचे शेवटचे दिवस मी पाहिले होते. श्वासासाठी त्याच्या बरगड्या कशा आत जायच्या ते पाहिलं होतं. आणि त्याला आंघोळ घालतानाचे त्याचे पाय, ती बारा बोटं पाण्यात हलायची, तेही पाहिले होते. यातलं कुठलं त्यांच्यापुढे ठेवावं ते मला ठरवता आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "मी सांगणार नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगाल."

त्यांनी मान हलवली नाही. मला पुढच्या स्टेशनपर्यंत वाटत राहिलं की मी चुकीचं वचन दिलं.

पुन्हा अण्णा नगर

दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. भाकऱ्या थापत राहिल्या. मी मृणालच्या समोर बसायचं टाळत होते, कारण तिने डोळ्यांत बघितलं असतं तर वचन टिकलं नसतं. तिसऱ्या सकाळी रणजित पाळीवरून आला, चहा घेतला, आणि शालनताई दारात उभं राहूनच म्हणाल्या, "बापूला ताप आला न्हवता. म्हंजे आला असंल, पर बोटं त्याच्या आधीची. बारा आन् बारा हुती. केसानं पाडली."

रणजितने कप खाली ठेवला. "आई, तू डॉक्टरांसमोर..."

"तिच्याशी बोलते मी, तू गप." त्या मृणालकडे वळल्या आणि गाडीत मला विचारलं होतं तेच तिला विचारलं.

मृणाल म्हणाली, "बापूकाकांना कुणी नको म्हणत नाही, आत्या. मला फक्त आधी कळायला हवंय. ओजसच्या वेळी मला रोज नवं काहीतरी कळायचं. आज हे येणार नाही, उद्या ते येणार नाही. मी काय करीन ते मला अजून माहीत नाही. खरंच माहीत नाही."

शालनताई खाली बसल्या. "ठरव काय ते. पर माझ्यासमोर ठरव. माझ्या पाठीमागं न्हाई."

"तुमच्यासमोरच," मृणाल म्हणाली.

त्याच दिवशी गावाकडे फोन झाले. रणजितचा चुलतभाऊ बापूला गाडीत घालून तालुक्याच्या लॅबमध्ये घेऊन गेला. बापू सुईला घाबरला, हात देईना. शालनताई फोन घेऊन गॅलरीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. त्या काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "दिला हात." रक्ताची नळी कुरियरने चेन्नईला आली.

काही दिवसांनी मीनाक्षीने बोलावलं. बापूच्या दोन्ही प्रतींत तोच बदल होता. "एकाच बदलानें दोघे सारखे होत नाहीत," ती म्हणाली. "कोणी चाळीस वर्षें जगतो, कोणी नाही. त्याचें कारण मज सांगतां येत नाही. पण निरोप तुटला तो येथेंच. आतां तपासणीस अर्थ आहे."

शालनताईंनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे तापानं न्हवं?"

"नाही, अम्मा. तापानें नाही."

बाहेर आल्यावर त्या रस्त्याकडेच्या बाकावर बसल्या. "माझी सासू मरेस्तोवर म्हणायची, त्या दिशी पावसापायी गाडी जुपली न्हाई. वैद्याकडं नेला असता तर पोर धड ऱ्हायलं असतं. मरेस्तोवर." मग माझ्याकडे बघितलं. "तिला कुणी सांगायचं आता?"

मृणालच्या पोटातली सुई मी पाहिली नाही, आम्हाला बाहेर बसवलं होतं. मुलगा की मुलगी हे सांगितलं जाणार नाही, असं आधीच बजावलं होतं. शालनताई म्हणाल्या, "इचारलंय कुणी?" मृणाल फिकी पडून बाहेर आली आणि दोन दिवस झोपून राहिली. रणजितने सुट्टी घेतली. ते दिवस मी नीट लिहू शकत नाही. जेवणं व्हायची, टीव्ही चालू असायचा, कुणाचाही फोन वाजला की सगळे थांबायचो. मृणालने एकदा मला विचारलं, "आई, वाईट निघालं तर तू मला काय सांगशील?" मी म्हणाले, "तू सांगशील ते ऐकेन." ती म्हणाली, "ते पुरणार नाही." खरं होतं ते.

निकाल

पोंगलच्या आदल्या आठवड्यात, उसाच्या मोळ्या रस्त्यावर विकायला आल्या होत्या तेव्हा, बोलावणं आलं. चौघंही गेलो. मीनाक्षीने आम्हाला ताटकळत ठेवलं नाही, बसायच्या आतच म्हणाली, "एकच प्रत. दुसरी धड आहे."

रणजितने खुर्चीची पाठ धरली. मृणाल उभीच होती.

"म्हंजे?" शालनताईंनी विचारलं.

"म्हणजे हा आजार बाळास नाही. बाळ तुमच्या लेकासारखें, सुनेसारखें, बहुधा या बाईंसारखेंही. बाकी जें प्रत्येक बाळाचें असतें तें आहेच, त्याची हमी मी देत नाही."

"मग या खोलीत मी तेवढी पाहुणी म्हणा," शालनताई म्हणाल्या.

मीनाक्षी हसली. मृणाल हसली नाही. तिने विचारलं, "मग ओजसच्याच वाट्याला दोन्ही का आल्या?"

"कारण नाही," मीनाक्षी म्हणाली. "दर खेपेस दान नव्यानें पडतें. तुम्हीं कांहीं केलें नाही आणि कांहीं चुकलेंही नाही."

मृणाल तिथल्या तिथे खुर्चीत बसली आणि रडू लागली. आनंदाने रडते आहे असं समजून दारातून डोकावलेल्या नर्सने टाळी वाजवली. ती कुणासाठी रडत होती ते आम्हाला माहीत होतं. शालनताई तिच्यामागे उभ्या राहिल्या आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं.

घरी आल्यावर रणजित सगळ्यांना कळवायला निघाला तर त्या म्हणाल्या, "थांब. आधी बापूला."

"त्यांना काय कळणार, आई?"

"कळंल न कळंल. लाव."

पुतण्याने तिकडे बापूच्या कानाशी फोन धरला. रणजितने इकडे आवाज मोठा केला. शालनताई फोनवर वाकल्या. "बापू, म्या बोलतीया. जेवलास का? पोरगं धड हाय बरं का. तुझ्यामुळं कळलं."

तिकडून आधी श्वास ऐकू आला, मग हसू. शब्द नाही, नुसतं हसू. खाली सुरू होऊन एकदम वर चढणारं, मध्ये उचकीसारखं अडकणारं.

मृणाल सोफ्यावरून उठली. बापूला तिने लग्नात लांबून बघितलं होतं, तेवढंच. पाहुणे असले की त्याला मळ्यातल्या घरी ठेवायचे. ती टेबलाशी आली आणि फोनवर ओणवी झाली. तिचा हात पोटावर गेला होता.

"ओजस असाच हसायचा," ती म्हणाली.

मलाही ते ओळखू आलं होतं.

"आत्या," मृणाल म्हणाली, "त्यांना अजून एकदा हसवा ना."

शालनताईंनी पदराने तोंड पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि फोनमध्ये कोंबड्यासारखा आवाज काढला.